दिसायला पाहिजे

सहा वर्षं मी मशीन पाठीला मारून चढलो.
तांदूळ खाली, वजनकाटा खाली,
वर नुसता खडक.
नाव कुणी ठेवलं नव्हतं,
लोकच म्हणायला लागले, थंबाचा खडक.

पाच तारखेला सगळी पाटाळी वर.
म्हातारी माणसं पोरांच्या पाठुंगळी,
बायांच्या डब्यात भाकरी,
कारण रेंज कधी नवाला, कधी दुपारी तीनला,
धुकं उतरलं की मग दुसऱ्या दिवशीच.
खडकाच्या एका टोकाला गोवा स्वागत करायचा,
पलीकडच्या टोकाला चंदगडकडून महाराष्ट्र,
आणि मधे, जिथे शेवाळ होतं, पाय घसरायचा,
तिथे आमचं राज्य.
रेशन तेवढ्या घसरड्या जागेवरच मिळायचं.

"येउलाय काय बे?"
"आलं, आलं…
गेलं."

मशीनमधली बाई कानडीत बोलायची, फार गोड.
तिचं मराठी मी करायचो, हात वर करून,
निकाल वाचून दाखवावा तसं:
पास. पास. परत दाब. नापास.

मग शिवलीला आली, हुक्केरीकडची,
कमरेला पाने, पाठीवर वायरचं वेटोळं.
"मराठी येतंय बघा, थोडं थोडं."
शाळेच्या पत्र्यावर चढून दुर्बीण लावली आणि म्हणाली,
"जांबोटीच्या टेकडीवरचा डिश आन् हा डिश,
एकमेकाला दिसायला पाहिजे.
मधे झाड आलं की संपलं."

मधे एक नाणा होता. वनखात्याचा.
फांदी छाटायची तर अर्ज ऑनलाईन,
आणि ऑनलाईन जायचं तर नाणा आडवा.

तोड लुमाण्णानं काढली.
नळयोजनेचा पाईप, चौदा फुटी,
नऊ वर्षं त्याच्या गोठ्याला टेकून उभा,
आतून थेंब कधी वाहिला नाही.
तोच शाळेवर ताठ केला, टोकाला डिश बांधला.
शिवलीलानं फोनवर पलीकडच्या माणसाला विचारलं,
"काणस्तद?"
पलीकडून उत्तर आलं,
"दिसतंय की!"

आता मशीन टेबलावर असतं. पंखा असतो.
मष्णूचा थंब तीन सेकंदांत लागला.
तो तसाच उभा.
"झालं?"
"झालं."
"मग आता दिवसभर काय करू?"
डब्याची गाठ सोडली नव्हती त्यानं.

भरमाणीचा मात्र लागत नाही.
एकवीस वर्षं काजूच्या फॅक्टरीत,
टरफलाच्या तेलानं बोटं सोलून सोलून
अंगठा नदीतल्या गोट्यासारखा.
खडकावर आम्ही म्हणायचो, रेंज नाही,
आणि तीही म्हणायची, रेंज नाही.
सहा वर्षं सगळं रेंजवर ढकललं.
आता पाचही काड्या भरलेल्या,
आणि बाई गोड आवाजात सांगते, ही व्यक्ती जुळत नाही.

मग ओटीपी जातो तिच्या मुलाला, रुक्माणाला,
वास्कोला, बार्जवर.
तो तिथून एकेक आकडा सांगतो,
ती एकेक मला सांगते, मधे चुकते, परत विचारते.
चार आकड्यांच्या मधे
पाठदुखीचं विचारून होतं, गायीचं होतं,
मिशी राखलीस काय रे, तेही होतं.
मागे रांग खोळंबते. मी काटा पुसत बसतो.

परवा पत्र आलं खात्याचं,
पुढच्या महिन्यापासून डोळ्याचं मशीन,
अंगठा नसला तरी चालतंय.
तिला आनंदानं सांगायला गेलो मी.
ती सुपात तांदूळ पाखडत होती.
"डोळ्यानं लगेच होतंय?"
"लगेच. कुणाला फोन करायला नको."

दोन खडे निवडून तिनं बाजूला टाकले.
माझ्याकडे बघितलं नाही.
"एक महिना थांब की गा," म्हणाली.